अझारियाचा दम

"शहाऐंशी! जेनोरा, शहाऐंशी झाले!"

अझारियाने बोटावरचा ऑक्सिजन मोजायचा चिमटा काढला, बोट चड्डीला खसाखसा पुसलं आणि पुन्हा चिमट्यात घातलं. सत्त्याऐंशी. दुसऱ्या हाताला लावला. पुन्हा शहाऐंशी.

त्याची बायको जेनोरा ओट्याशी कणीक मळत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. "सकाळपासून एकोणीस वेळा लावलास. त्या चिमट्यालाच धाप लागली असेल बिचाऱ्याला."

पण हात धुऊन तिने दवाखान्यात फोन लावलाच. त्या आठवड्यातला तो सहावा फोन होता.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, टॉरेसच्या सामुद्रधुनीतल्या त्या बेटावर अझारियाच्या दमाची ख्याती होती. पाठीवर नळकांडं नाही, तोंडात नळी नाही. नुसता भाला घेऊन हा माणूस आठ वाव खाली जायचा, खडकाच्या कपारीतून शेवंड ओढून काढायचा आणि वर येऊन होडीतल्या लोकांशी थट्टा करायचा. शार्क अंगावरून गेला तरी त्याने कधी घाई केली नव्हती. साठी उलटल्यावर मात्र दर पावसाळ्यात छातीत कफ धरू लागला. दोनदा न्यूमोनिया झाला. फुप्फुसातल्या नळ्या सैल पडल्यात, त्या काही आता पूर्ववत व्हायच्या नाहीत, असं मुख्य भूमीवरच्या केर्न्स शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं. तीन आठवडे तिथल्या इस्पितळात काढून तो एप्रिलमध्ये घरी आला, तो हा बोटाला लावायचा चिमटा घेऊन. सोबत एक कागद होता: ऑक्सिजन ब्याण्णवच्या खाली गेला तर दवाखान्याला कळवा.

तेव्हापासून त्या चिमट्याने त्याला पुरतं धरलं होतं. तो धक्क्यावर जाईना. चर्चला जाईना. ओसरीवर बसून बोटाकडे बघत राहायचा. आकडा एकाने उतरला की छातीत धस्स व्हायचं, श्वास भरभर चालायचा, आणि आकडा आणखी उतरायचा. शेजारपाजारचे लोक मासळीची ताटं घेऊन यायचे आणि आजाऱ्याशी बोलतात तसं हळू आवाजात बोलायचे. त्याचा त्याला जास्त राग यायचा. एकदा जेनोराने चिमटा तांदळाच्या डब्यात लपवला, तर त्याने घर डोक्यावर घेतलं होतं.

थोड्या वेळाने तिमेना आली. ती त्याच्या बहिणीची मुलगी, बेटावरच्या दवाखान्यात आरोग्यसेविका होती. आल्याबरोबर तिने मामाच्या हातातला चिमटा काढून घेतला.

"दे इकडे. हात बघू. मामा, हे हात आहेत की बर्फातली मासळी?"

तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून चोळले. मग ते मांडीवर ठेवायला लावले आणि म्हणाली, "आता पाच मिनिटं गप्प बस. हलू नकोस, बोलू नकोस."

"मी मरतोय आणि ही मला गप्प बसवतेय."

"मरताना एवढी बडबड कोणी करत नाही. बस."

तो बसला, पण छाती भात्यासारखी चालूच होती. तिमेना त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिने वेगळंच विचारलं.

"मामा, तळाशी असताना दम संपत आला, तर तू काय करायचास?"

"काय म्हणजे? वर यायचो."

"घाईने?"

"वेडी आहेस का? घाई केली की माणूस मेला. हातपाय ढिले सोडायचे आणि सावकाश वर यायचं. वर आल्यावरही हपापल्यासारखा श्वास घ्यायचा नाही. ओठ आवळून फुंकर घालायची, लांब..." बोलता बोलता तो थांबला. तिमेना हसत होती.

"मग आता तू कुठे आहेस असं समज?"

अझारियाने डोळे मिटले. खांदे खाली आले. नाकाने हवा आत, मग आवळलेल्या ओठांतून लांब फुंकर. पुन्हा. पुन्हा. जेनोरा पुन्हा पिठाने माखलेले हात घेऊन दारात उभी होती. इतक्या दिवसांत नवऱ्याचे खांदे खाली आलेले तिने पहिल्यांदाच पाहिले. तिमेनाने चिमटा लावला, आकडा स्थिर होईपर्यंत थांबली आणि त्याच्यापुढे धरला.

त्र्याण्णव.

"यंत्र तेच, बोट तेच," ती म्हणाली. "आता नीट ऐक. दिवसातून तीनदाच लावायचा. बसून, हात उबदार करून. आकडा वहीत लिहायचा, आणि आपल्याला कसं वाटतंय तेही शेजारी लिहायचं. आणखी एक. आपल्या काळ्या कातडीवर ही यंत्रं कधी कधी खुशामत करतात. खरं असतं त्यापेक्षा दोन-तीन, कधी पाचही जास्त दाखवतात. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस. तुझा रोजचा आकडा कोणता, ते तुला पाठ पाहिजे. तो हलला आणि अंगही जड वाटलं, तर मात्र फोन करायचा, आणि मी काही करेपर्यंत मला सोडायचं नाही."

त्या दिवसापासून वही सुरू झाली. लिहायचं काम जेनोराचं, कारण अझारियाचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे. "सकाळी त्र्याण्णव, बरं. दुपारी चौऱ्याण्णव, बरं. संध्याकाळी त्र्याण्णव, बायकोवर चिडलेला." असं ती लिहायची आणि मोठ्याने वाचूनही दाखवायची.

मे महिन्यात तो आंब्याच्या झाडापर्यंत चालत गेला आणि तिथे टेकला. मग चर्चपर्यंत. जूनच्या अखेरीस धक्क्यावर पोचला तेव्हा होड्यांवरची मंडळी ओरडली, "कोण रे हा? भूत की अझारिया?" तो ओठ आवळून फुंकर घालत होता, त्यामुळे त्याला शिवी देता आली नाही. दम परत आल्यावर त्याने ती व्याजासकट दिली.

चालण्यामागे कारण होतं. ऑगस्टमध्ये त्याच्या भावाचा, सौलोचा, दगड उघडायचा होता. सौलोला जाऊन दोन वर्षं झाली होती. थडग्यावरच्या दगडाचं कापड निघेपर्यंत, नाच आणि जेवण होईपर्यंत घराचं सुतक संपत नाही. सौलोनेच रचलेलं समुद्राचं गाणं त्या दिवशी ढोलावर धरायचं होतं, आणि ते धरणारा अझारियाशिवाय कोणी उरला नव्हता.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, एका सकाळी, चिमट्यावर एक्क्याण्णव आले.

जेनोराने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो घाबरला नव्हता. त्याने हात चोळले, पाच मिनिटं बसला, फुंकर घातली. नव्वद. पुन्हा बसला. नव्वदच.

"ही भीती नाही, जेनोरा," तो हळूच म्हणाला. "भीती मला आता ओळखता येते. फुंकर घातली की ती जाते. हे जात नाहीये. अंगावर पाणी असल्यासारखं जड वाटतंय. फोन लाव."

तिमेना त्या दिवशी दुसऱ्या बेटावर गेली होती. फोन मुख्य भूमीवरच्या एका डॉक्टरांकडे जोडला गेला. आवाज सभ्य होता. ताप आहे का? नाही. नव्वद म्हणजे फुप्फुसाच्या जुन्या रुग्णाला चालण्यासारखं आहे, आजचा दिवस बघा, उद्या फोन करा.

"डॉक्टरसाहेब, एक मिनिट," जेनोरा म्हणाली. तिने वही उघडली आणि वाचायला लागली. एक जून, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, त्र्याण्णव. दोन जून. तीन जून. डॉक्टरांनी मध्ये बोलायचा प्रयत्न केला. ती थांबली नाही. अख्खा जून संपवून जुलै सुरू झाला तेव्हा पलीकडून आवाज आला, "बाई, किती आहे अजून?"

"आजपर्यंतचं आहे. दोन महिन्यांत हा माणूस एकदाही त्र्याण्णवच्या खाली आलेला नाही. आज नव्वद. आणि आमच्या कातडीवर हे यंत्र खुशामत करतं, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणजे खरं किती, ते तुम्ही सांगा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"त्यांना बसवून ठेवा," डॉक्टर म्हणाले. "हेलिकॉप्टर पाठवतो."

थर्सडे आयलंड या बेटावरच्या इस्पितळात मनगटातून रक्त काढून तपासलं. चिमटा नव्वद म्हणत होता; रक्त म्हणालं पंच्याऐंशी. डाव्या फुप्फुसात न्यूमोनिया नुकताच मूळ धरत होता. ताप चढायच्या आतच सलाइनमधून औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाई खाटेपाशी येऊन म्हणाल्या, "उद्यावर ढकललं असतं तर मी तुम्हाला केर्न्सला पाठवलं असतं, आणि पुढचं काही सांगता आलं नसतं. कोणाच्या लक्षात आलं हे?"

"माझ्या," अझारिया म्हणाला.

"माझ्या," सोबत आलेली जेनोराही त्याच क्षणी म्हणाली.

दहा दिवसांनी तो घरी आला, पाच किलोने हलका आणि भयंकर भुकेला.

दगडाच्या दिवशी आग्नेयेचा वारा मोकळा सुटला होता. कापड निघालं, सौलोचं नाव उन्हात चमकलं, आणि नाचणारे पायांत बियांचे खुळखुळे बांधून रांगेत उभे राहिले. अझारिया खुर्चीवर बसला, ढोल मांडीवर. जेनोरा त्याच्या मागे. त्याने दोनदा लांब फुंकर घातली आणि गाणं उचललं.

त्या गाण्याची शेवटची ओळ लांबलचक. दोघे भाऊ ती एका दमात म्हणायचे आणि त्याचा मोठा तोरा मिरवायचे. अझारिया त्या ओळीत दोनदा थांबला. थांबला तेव्हा ढोल चालू होता, आणि नाचणाऱ्यांचे पाय त्या ढोलाच्या ठेक्यावर हवेत तोललेले राहिले. त्याने सावकाश श्वास भरून घेतला, पुढचे शब्द सोडले, आणि सगळे पाय एकदम जमिनीवर आले. धूळ उडाली. ओळ संपली ती पार संपूर्ण, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग बायकांनी असा जल्लोष केला की झाडावरची पाखरं उठली. जेनोरा रडत होती आणि रडता रडताच शेजारणीला सांगत होती, "माझी वही, बरं का. माझ्या वहीमुळे."

जेवणाच्या वेळी त्याने कासवाचं मटण तिसऱ्यांदा वाढून घेतलं, तेवढ्यात म्हातारी नाझरेथा काठी टेकत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिलाही असाच चिमटा मिळाला होता; तिने तो भीतीने कपाटात कोंडला होता.

"ते फुंकरीचं मला शिकव," ती म्हणाली.

"मंगळवारी ये. दवाखान्याच्या पायऱ्यांवर. खुर्ची आपली आपण आणायची."

पहिल्या मंगळवारी तिघं आली. महिन्याभरात अकरा झाली. तिमेना एकदा दार उघडून बाहेर आली, तर अकरा म्हातारे-म्हाताऱ्या डोळे मिटून, ओठ आवळून समुद्राकडे फुंकत होते, आणि त्यांच्यापुढे अझारिया फेऱ्या मारत खेकसत होता:

"घाई नको! कोण ते घाई करतंय? नाझरेथा, तूच! वर यायला अख्खी सकाळ पडलीय!"