लाकडाचा हात

माझी थोरली बहीण मेलित्ता मागापाशी उभी राहिली की शेजारच्या बायका हातातली कामं टाकून आमच्या अंगणात यायच्या. उभ्या धाग्यांना खाली बांधलेली मातीची वजनं एकमेकांवर आपटत, तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई, आणि त्यावरूनच बायकांना कळे की मेलित्ता लागली कामाला. किनारीवर ती घोडे विणायची. पळणारे घोडे, प्रत्येकाची मान वेगळी. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मी लोकरीचे गुंडे धरून तिच्या पायाशी बसायची आणि तिच्या टाचा बघायची. एक घोडा पुरा झाला की तिच्या टाचा जमिनीवरून किंचित उचलल्या जायच्या.

आमची आई टिमारेटा. तिला या लेकीचा फार अभिमान. एका सकाळी झऱ्यावर घागरी भरताना आर्खिप्पी मावशी आईच्या खांद्यावरचं वस्त्र बोटांत धरून म्हणाली, "हे मेलित्तानं विणलं? बाई गं, विणकामाच्या देवीचा, अथीनेचा हात आहे तुझ्या पोरीवर."

"अथीनेचा कशाला?" आई म्हणाली. "तिचा स्वतःचाच आहे की. अथीनेला हौस असेल तर यावं, लावावा माग समोर, आणि एवढी एक किनार विणून दाखवावी."

घागरी खाली ठेवल्या गेल्या. मग सगळ्या बायकांनी छातीशी वस्त्र ओढून आत तीनदा थुंकून घेतलं. कुणाच्या तोंडून मोठा शब्द गेला की आमच्याकडे असं करतात, म्हणजे तो वर देवांपर्यंत पोचत नाही. जिनं शब्द काढला तिनं तर आधी करायचं. आई हसत सुटली.

"तूही थुंक, टिमारेटा," मावशी म्हणाली. "वेडेपणा करू नकोस."

"तुम्हीच थुंका. तुमच्या पोरींना गरज आहे."

त्याच महिन्यात लोकर विंचरताना फणीचा लोखंडी दात मेलित्ताच्या उजव्या हाताच्या बोटात घुसला. रक्तसुद्धा फार आलं नाही. तिनं बोट तोंडात घातलं आणि पुन्हा कामाला लागली. पुढे हात सुजला, मग जबडा आवळला, आणि एवढी बोलकी पोर एक शब्द न बोलता गेली. उजवाच हात कसा, हे कुणी आईला विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. आईनं स्वतःचे केस मुळापासून कापून देवळाच्या पायरीवर नेऊन ठेवले.

त्यानंतर माग माझ्याकडे आला, आणि आईनं माझ्याबद्दल चांगला शब्द काढणं बंद केलं.

कमी केलं असं नाही, बंदच केलं. मी वस्त्र उतरवून तिच्यासमोर धरलं की ती उलट्या बाजूनं बघायची आणि म्हणायची, "भांडी पुसायला होईल." शेजारणी माझ्याबद्दल काही बोलू लागल्या की ती मध्येच तोडायची. "तिचं काय घेऊन बसलात. तिला धड गाठ मारता येत नाही." मला सगळं कळत होतं. ती का असं करते हे सात गल्ल्यांना माहीत होतं. पण कळून भूक जात नाही. मी घोडे विणले, मग बोकड विणले, मग मासे विणले, आणि प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

आमच्या बेटावर दर चौथ्या वर्षी देवीसाठी नवं वस्त्र विणतात. गावातल्या चार मुली निवडतात, आणि प्रत्येकीच्या आईनं वेदीवर हात ठेवून सांगायचं असतं की माझ्या लेकीचा हात या कामाला योग्य आहे. मी पंधराची झाले तेव्हा पुजारीणबाईंनी स्वतः माझं काम मागवून घेतलं होतं. माझं नाव नक्की आहे असं सगळेच म्हणत होते. मला वस्त्राचं तेवढं नव्हतं. मला वाटत होतं, आता तरी आईला बोलावं लागेल. सगळ्यांसमोर, देवीसमोर.

"टिमारेटा," निवडीच्या दिवशी टेकडीवरच्या देवळात पुजारीणबाई म्हणाल्या, "तुझ्या निकारेटीचा हात कसा आहे?"

आईनं वेदीवर हात ठेवला. नजर दगडावरच ठेवली. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी.

"लाकडाचा," ती म्हणाली. "गोणपाट विणेल तर विणेल."

लोक हसले. चौथी जागा आर्खिप्पी मावशीच्या मुलीला मिळाली, जिला उभा धागा कुठला आणि आडवा कुठला हे सांगावं लागायचं.

उतरणीवर मी आईला गाठलं. "खोटं बोललीस. देवीसमोर खोटं बोललीस!"

"पायाखाली बघ. दगड सुटे आहेत."

"एकदा म्हण, आई. इथे कुणी नाही. बरं विणतेस, एवढंच म्हण. चांगलं नको, नुसतं बरं."

"चल लवकर. चुलीवर मसूर आहे, करपेल."

पुढे माझं लग्न शेजारच्या खाडीवरच्या गावात झालं. तिथे माझ्या कापडाला नाव मिळालं. गलबतावरचे व्यापारी बंदरात उतरले की आधी माझ्या दारात यायचे. सासू कौतुक करायची, नवरा करायचा. ते सगळं गोड वाटायचं आणि संध्याकाळपर्यंत विरून जायचं. सणावाराला माहेरी गेले की नवीन काम गाठोड्यात बांधून न्यायची. आई उलट्या बाजूनं बघायची.

मग ती म्हातारी झाली आणि विसरू लागली. आधी भांडी, मग रस्ते, मग माणसं. मी तिला माझ्याकडे आणलं. अंगणात सावलीला तिचं आसन असायचं आणि समोर माझा माग. एका दुपारी वजनं वाजायला लागली तशी तिनं मान वर केली.

"मेलित्ते," ती म्हणाली. "आलीस होय गं? किती दिवसांनी आवाज आला."

मी वळून बघितलं. ती उठून मागापाशी आली, किनारीवरून बोट फिरवलं. सरळ बाजूनं.

"काय विणलंयस, पोरी! सगळ्या बेटावर कुणाची छाती आहे असं विणायची? अथीनेनं बघावं हे."

ते माझं काम होतं. लहानपणापासून ज्यांच्यासाठी तिच्या तोंडाकडे बघत आले ते शब्द आले, आणि आले ते माझ्या बहिणीच्या नावानं. मी तिला दुरुस्त केलं नाही. ती बोलत राहिली आणि मी मान खाली घालून ऐकत राहिले. मग मला राहवेना.

"आणि धाकटी?" मी विचारलं. "निकारेटी कशी विणते?"

तिचा हात किनारीवरच थांबला. तिनं अंगणावरच्या आभाळाकडे बघितलं, माझा दंड धरून मला जवळ ओढलं आणि कानाशी तोंड आणलं.

"हळू बोल. तिचं नाव घेऊ नकोस. तुला नेलंच त्यांनी, तुझं मी वाट्टेल तेवढं बोलेन. आता काय करणार आहेत ते? पण ती एकच उरलीय मला. तिला काही येत नाही, असंच सांगायचं सगळ्यांना."

"पण खरं काय, आई?"

तिच्या श्वासाला कांद्याचा वास येत होता. माझ्या कानावर तो गरम लागत होता. "खरं सांगू?" ती पुटपुटली. "धाकटी तर..."

आणि तिनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. मी म्हटलं, सांग गं, कुणी ऐकत नाही. तिचे डोळे भरले, मान हलली, पण हात निघाला नाही.

ऑलिव्हच्या तोडणीपर्यंत ती जगली. रोज दुपारी मी मेलित्ता होऊन तिच्याजवळ बसायची आणि तेच विचारायची. काही दिवस ती मला मेलित्ता म्हणूनही ओळखायची नाही. ओळखायची त्या दिवशी त्या दोन शब्दांपर्यंत यायची, आणि मग तिचा हात वर जायचा.