नवव्या नंबरची खुर्ची

मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे, मित्रांनो. तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात, तुटक्या फळ्याला टेकून उभी असते ती. माझ्यावर चढून तुम्ही चिंचा पाडता आणि काम झालं की मला उन्हातच सोडून पळता.

माझा जन्म बारामतीच्या एमआयडीसीतला. आम्ही नऊ बहिणी एकाच दिवशी वेल्डिंग होऊन बाहेर पडलो, हिरवा रंग लेऊन ट्रॅक्टरमधून सुप्याच्या बाजूच्या या कोरडवाहू गावात आलो. ग्रामपंचायतीचे सदस्य नऊ, म्हणून खुर्च्या नऊ. पाठीवर पांढरे नंबर पडले. माझा नंबर नववा आणि जागा दाराजवळची. सभेला किती जण हजर आहेत हे ग्रामसेवक भरलेल्या खुर्च्यांवर पेन्सिल रोखून मोजायचे. माणसांच्या तोंडाकडे बघायचं काम नाही! सगळ्यांना ते सोयीचं वाटायचं.

पहिली पाच वर्षं माझ्यावर अप्पा नावाचे सदस्य बसले. मग बायकांसाठी राखीव जागा आल्या आणि बौद्ध वस्तीतून चतुराबाई निवडून आल्या. मला केवढा आनंद झाला! पण त्या आल्या आणि माझ्या पायाशी सतरंजीवर बसल्या. त्यांच्या वस्तीतलं कुणी त्या खोलीत आजवर खुर्चीवर बसलं नव्हतं. सरपंच रामहरी एकदा म्हणाले, "वर बसा की, बाई." दुसऱ्यांदा कुणी म्हणालं नाही. मी रिकामीच राहिले.

एका वर्षी पावसाने पाठ फिरवली. रानात कामं उरली नाहीत. वस्तीतली माणसं वीटभट्टीवर जायची भाषा करू लागली. त्यावर सभा बसली.

"सरकारी काम निघायला येळ हाय," रामहरी म्हणाले. "तवर पंचायतीची शिल्लक काढू आन तलावाचा गाळ उपसू. लोकांच्या हाताला काम मिळंल, दुकानं चालतील, पाऊस आला की पाणीबी ठरंल."

विरोधी गटाचे बिरदेवतात्या उसळले. "आन पुढल्या सालीबी पाऊस आला न्हाय तर? मागल्या दुष्काळात सगळं उधळलं. मोटार जळाली तवा दुरुस्तीला काय बी न्हवतं. गाव टँकरमागं पळत हुतं, इसरला व्हय? आता हात आखडूनच ऱ्हायाचं."

खरं सांगू? मला दोघांचंही पटत होतं. पण तात्यांच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. निवडणूक तोंडावर आली होती आणि कामाचं श्रेय रामहरींना मिळू द्यायचं नव्हतं.

तेवढ्यात खालून चतुराबाई बोलल्या. "माजी नात पायल तिसरीत हाय. काम निघालं तर थांबतो म्हणलाय पोरगा. न्हायतर तिला घिऊन भट्टीवर जातोय. काढा की काम."

मत त्यांनी दिलं होतं. आता चार विरुद्ध पाच होणार हे ओळखून तात्या आपली तीन माणसं घेऊन बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. सभेला निदान पाच जण लागतात. ग्रामसेवकांची पेन्सिल फिरली. एक, दोन, तीन, चार. माझ्यापाशी आली आणि पुढे गेली. "कोरम नाही," म्हणत त्यांनी लिहिलं आणि वही मिटली. रामहरी तणतणत तात्यांशी भांडायला बाहेर धावले.

"आवं, मी हाय की हितं," चतुराबाई हळूच म्हणाल्या.

ग्रामसेवकांनी खाली पाहिलं आणि ते गोंधळले. "बाई, एकदा लिहिलं की लिहिलं. आता पुढल्या महिन्यात."

रामहरींना हे कळलं तेव्हा ते बाईंवरच चिडले, "आदी मोठ्यानं बोलायचं न्हाय का!" चूक बाईंची नाही हे मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण खुर्चीला तोंड कुठे असतं?

पुढच्या महिन्यात चतुराबाई सगळ्यांच्या आधी आल्या. पदराने मला पुसलं आणि माझ्यावर बसल्या. त्यांचं ओझं ते कितीसं! तात्यांची माणसं पुन्हा बाहेर गेली, पण पेन्सिल माझ्यापाशी येऊन थांबली. पाच! ठराव झाला, टाळ्या वाजल्या. चतुराबाईंनी वाजवल्या नाहीत. मुलगा, सून आणि पायल आठ दिवसांपूर्वीच भट्टीवर गेले होते.

तलावात पुढे पाणी ठरलं. त्याआधी उन्हाळ्यात मोटार जळाली, दुरुस्तीला पैसा उरला नव्हता आणि तात्यांचंही खरं ठरलं. पायल परतली ती दीड वर्षाने, डोक्यावर विटा वाहायला शिकून. शाळेत तिचं नाव पुन्हा लागलं नाही. तोवर प्रत्येक सभेनंतर सगळे उठून गेले, तरी चतुराबाई माझ्यावर बसून राहायच्या. घरी जायची त्यांना घाई नव्हती. मलाही त्या उठू नयेत असंच वाटायचं.

मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. माझ्या आठ बहिणी भंगारात गेल्या, मी तेवढी इथे आले. अंगाला गंज चढला आहे. विचारपूस करणारं कुणी नाही. जमलं तर मला सावलीत ठेवा, रंगाचा एक हात द्या. नाही दिलात तरी रागावणार नाही. पण मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल आणि कधीतरी माणसं मोजायची पेन्सिल तुमच्या हातात येईल. तेव्हा रिकामी खुर्ची दिसली तर लगेच वही मिटू नका. आधी वाकून खाली बघा. तिथे कुणीतरी बसलेलं असेल.