अक्षता पोटात गेल्या तेव्हा

मी एक जुना मिक्सर आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी चिडलेला आहे. बारा वर्षं मान मोडून काम केल्यावर मला मेलेला ठरवण्यात आलं, तेही पोट न उघडता. कोणाला राग येणार नाही?

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. माझं खरं आयुष्य महादेवीच्या रुखवतात सुरू झालं. तिच्याबरोबर मी बेंबळीला आलो. ठेचा, काळ्या मसाल्याचं वाटण, दिवाळीची पिठीसाखर, सगळं निमूटपणे केलं. शेजारणी म्हणत, "तुझा मिक्सर लई गुणाचा हाय." मी फुगून जायचो. पुढे महादेवी शेंगदाण्याची चटणी करून विकू लागली आणि माझी दुपारची सुट्टीही गेली. तरी मी कुरकुर केली नाही. आवाज मोठा आहे, ती गोष्ट वेगळी.

गेल्या नवरात्रात तुळजापूरच्या एका दुकानदाराने पौर्णिमेच्या गर्दीसाठी तिला वीस किलो चटणी सांगितली. एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं. त्याने बजावलं होतं, "चतुर्दशीला माल न्हाय आला, तर सोलापूरहून मागवीन. मग पुन्हा तुमच्याकडं येणार न्हाय."

मग आली खांडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे कामाच्या हत्यारांची पूजा होते. खुरपी, विळे, कुऱ्हाड धुऊन पाटावर मांडली होती. महादेवीच्या सासूबाई, उमाबाई, फार भाविक. घरात सर्वांत जास्त राबतो तो मिक्सर, मग तोच पारोसा कसा ठेवायचा, असं त्यांना वाटलं. त्यांनी मला उलटं करून नळाखाली धरलं! नुसतं भांडं नव्हे मित्रांनो, मोटारीसकट मला! वर ओल्या अंगावर हळद, कुंकू, अक्षता. सगळं फटींतून पोटात उतरलं. बारा वर्षांत पहिल्यांदा माझी पूजा झाली आणि तिनेच माझा घात केला.

संध्याकाळी महादेवीने बटण फिरवलं. मी एकदा गुरगुरलो, जळका वास सोडला आणि गप्प झालो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नवऱ्याने, शिवशरणने, मला बाजारातल्या कारागिराकडे नेलं. त्या गृहस्थाने मला कानाशी धरून हलवलं, वास घेतला आणि निकाल दिला, "मोटार जळली. नवा घ्या." नवे मिक्सर त्याच्याच मागच्या फळीवर मांडलेले होते! माझ्या तळाला चार स्क्रू आहेत. त्यातल्या एकालाही त्याने हात लावला नाही.

घरी येऊन शिवशरणने मला भंगाराच्या पोत्याशेजारी ठेवलं. "नव्याला पैसं न्हाईत. त्या दुकानदाराला न्हाय म्हणून सांग."

"उघडून तरी बघितलं का त्यानं?" महादेवीने विचारलं.

"त्याला कळंना, अन् तुला कळतंय व्हय?"

माझ्या अपमानापेक्षा हे वाक्य मला जास्त झोंबलं.

उमाबाई कोपऱ्यात बसून होत्या. "म्याच धुतला गं. देवीचा कोप झाला." एवढंच बोलून त्या उखळात शेंगदाणे कुटायला बसल्या. संध्याकाळपर्यंत तळहातांना फोड आले आणि चटणी झाली जेमतेम दोन किलो. त्यांच्यावर माझा राग होता, पण ते फोड बघून मला रडू आलं.

महादेवीने मला पोत्याशेजारून उचललं. प्लग काढलेला आहे ना, हे आधी पाहिलं. मोबाईलवर एक व्हिडिओ लावला, पेचकस घेतला आणि चारही स्क्रू काढले. आत हळदीचा चिखल वाळून बसला होता. मोटारीला दोन बाजूंनी कार्बनचे छोटे तुकडे टेकलेले असतात, त्यांच्यातूनच तिला वीज मिळते. त्यातला एक तुकडा खाचेत अडकून बसला होता. तिने जुन्या, कोरड्या टूथब्रशने सगळं साफ केलं, तेव्हा त्या खाचेतून तांदळाचा एक दाणा निघाला.

"आत्या, हा बघा देवीचा कोप," असं म्हणत तिने तो दाणा उमाबाईंच्या फोड आलेल्या हातावर ठेवला. उमाबाई आधी हसल्या, मग डोळे पुसू लागल्या.

दिवसभर उन्हात वाळल्यावर त्रयोदशीला मी पुन्हा घरघरलो. चतुर्दशीला चटणीचे डबे घेऊन शिवशरणच तुळजापूरला गेला. माझी माफी मात्र त्याने अजून मागितलेली नाही.

मित्रांनो, मी हात जोडणार नाही, दरडावूनच सांगतो. आमची पूजा जरूर करा, पण मोटारीला पाणी दाखवू नका. आम्ही बंद पडलो तर प्लग काढा, घरातल्या मोठ्या माणसाला बोलवा आणि आत काय झालंय ते बघा. न बघता आम्हाला भंगारात घालू नका.

यंदाच्या खांडेनवमीला उमाबाईंनी मला कोरड्या फडक्याने पुसलं आणि जपून बोटभर कुंकू लावलं. तेवढ्यात शिवशरणने खुरप्यांच्या रांगेत तो पेचकस आणून मांडला. उमाबाई त्याला हळद लावायला वाकल्या.

"आई, थांब," तो म्हणाला. "ते हत्यार महादेवीचं हाय. तिलाच लावू दे."