टेपचं दुसरं टोक

परीक्षेचा निकाल लागला त्याच दिवशी साहेबांनी तिला अनुभवाचं प्रमाणपत्र दिलं. पाकीट बंद होतं. तिने ते जिन्यातच फोडलं.

"सदर महिला आमच्या कार्यालयात सतरा वर्षे मदतनीस असून, पाहणीच्या वेळी टेपचे दुसरे टोक धरणे, फायली लावणे व फोन घेणे ही कामे तिने प्रामाणिकपणे केली आहेत."

टेपचं दुसरं टोक! पहिलं तरी कुणी धरलं होतं? दोन्ही टोकं तीच धरायची. एक खिळ्याला अडकवायचं, नाहीतर खुर्चीच्या पायाखाली दाबायचं. काहीच नसलं तर घरमालकाच्या म्हाताऱ्या आईच्या हातात द्यायचं आणि "आजी, हलू नका हं" म्हणत दुसऱ्या भिंतीकडे पळायचं.

घर विकायचं असो, गहाण टाकायचं असो की भावाभावांत वाटायचं असो, त्याची किंमत कुणीतरी अधिकाराने सांगावी लागते. तो अधिकार मूल्यांकनकाराचा. लोक त्याला व्हॅल्युअर म्हणतात. साहेब व्हॅल्युअर होते. परवाना त्यांचा, शिक्का त्यांचा, दारावरची पाटीही त्यांचीच. घरोघर जायची मात्र ती. खोल्या मोजायची, भिंतींना हाताची उलटी बाजू लावून ओल बघायची, शेजारणीला विचारून पाणी किती वाजता येतं ते काढायची, त्याच गल्लीतली तशीच घरं केवढ्याला गेली ते शोधायची आणि संध्याकाळी बसून अहवाल लिहायची. साहेब चष्मा लावून वाचायचे. दोन नेमके प्रश्न विचारायचे, आणि ते प्रश्न खरंच नेमके असायचे, हे त्यांच्या शत्रूनेही मान्य करावं. मग शिक्का. प्रत्येक अहवालाच्या शेवटी छापील ओळ: "सदर मालमत्तेची पाहणी मी स्वतः जागेवर जाऊन केली आहे."

हे कुणी ठरवून केलं नव्हतं. साहेबांना आधी दोन जिने चढले की धाप लागायची. मग ते खाली गाडीत बसायला लागले. मग गाडीतही येईनात. लबाडी अशीच घरात शिरते, पाहुण्यासारखी, आणि सतरा वर्षांनी तिचं नाव रेशनकार्डावर चढलेलं असतं.

आता नवा नियम आला होता. पुढच्या महिन्यापासून परवाना किंवा उमेदवारीची नोंद नसलेल्या माणसाने पाहणीसाठी कुणाच्या घरात पाय ठेवायचा नाही. परवाना हवा तर दीडशे तासांचा वर्ग, त्यावर परीक्षा, आणि परवानाधारकाच्या देखरेखीखाली केलेल्या कामाचा अनुभव. पदवी असेल तर दोन वर्षांचा, नसेल तर दहा. म्हणजे चार वर्षं बाकावर बसलं की आठ वर्षं जिने चढणं माफ. हे गणित कुणी मांडलं देव जाणे. मांडणाऱ्याने घर कधी मोजलं नव्हतं एवढं नक्की.

वर्गात सगळे पदवीवाले होते. त्यातल्या एकाने तिला विचारलं, "मॅडम, रंग नवा असेल तर ओल कशी ओळखायची?"

ती म्हणाली, "कपाट भिंतीपासून वीतभर पुढे का ओढलंय ते विचारायचं. घरवाली नवऱ्याकडे बघायला लागली की समजायचं."

पास व्हायला साठ लागत. तिला चौऱ्याऐंशी पडले. बारावी पास बाई, बेचाळीस वर्षांची. पदवीवाल्यांतला पहिला एकाहत्तरवर थांबला.

आणि आता हा कागद. ती जिना परत चढून वर गेली.

"साहेब, हे काय लिहिलंय?"

साहेब खिडकीकडे बघत होते. "प्रामाणिकपणे लिहिलंय की."

"कोण प्रामाणिक? तुम्ही का मी?"

"हे बघ, खरं लिहिलं तर माझा परवाना जाईल."

"आणि हे लिहिलंत तर माझा येणारच नाही."

"तू रीतसर उमेदवार म्हणून नाव लाव. माझ्या देखरेखीखाली. दोन वर्षांत..."

"दहा, साहेब. दोन पदवीवाल्यांना. तुम्ही अडुसष्टचे. दहा वर्षं माझ्यावर देखरेख तुम्ही ठेवणार, की तुमचा फोटो?"

साहेब हसले नाहीत. "तुला सगळं मी शिकवलंय, हे विसरू नकोस."

"विसरले असते तर तुमच्यापुढे उभी कशाला राहिले असते?" असं म्हणून ती निघाली. दार तिने आपटलं नाही. त्या दाराची बिजागरी सैल आहे हे तिला माहीत होतं.

परवाना कार्यालयातल्या खिडकीमागे एक जाड चष्म्याची कारकून बाई बसली होती. तिने प्रमाणपत्र वाचलं आणि परत सरकवलं.

"मदतनिसाचे तास धरत नाहीत."

"अहो, सगळी घरं मीच बघितलीत. एकटीने."

कारकून बाईने इकडेतिकडे पाहिलं. "हे हळू बोला. परवाना नसताना एकट्याने पाहणी केली तर तो गुन्हा. देखरेखीखाली केली तर तो अनुभव."

"घर तेच, भिंती त्याच, बघणारी मीच!"

"आणि नियमही तोच. मी केलेला नाही हो, माझ्यावर कशाला डोळे वटारता?" बाईने पेन खाली ठेवलं. बाई मनाने बरी होती. "दोन रस्ते आहेत. एक, तुमच्या साहेबांनी स्वतः दुरुस्तीपत्रं द्यायची. दर वर्षाच्या वीस अहवालांची, अशी दहा वर्षांची दोनशे. प्रत्येकात लिहायचं की पाहणी तुम्ही केली, तपासणी त्यांनी केली. त्यांचा परवाना वर्षभर निलंबित होईल, तुमचा अनुभव धरला जाईल. दुसरा, तुम्ही पुराव्यानिशी तक्रार करायची. मग तुमच्यावर कारवाई नाही, अर्ज जिवंत राहतो. त्यांचा परवाना मात्र कायमचा रद्द."

"पुरावा म्हणजे कसला?"

"ते तुम्हाला माहीत. शुक्रवारी पाचला खिडकी बंद. नंतर पुढची संधी तीन वर्षांनी."

तीन वर्षं! तोवर पुढच्या महिन्यापासून ती काय करणार होती? फोन घेणार आणि फायली लावणार. कागदावर होती तेवढीच उरणार.

ती थेट थोरल्या बहिणीकडे गेली. बहीण इस्पितळात परिचारिका होती, नुकतीच दिवसपाळी संपवून पाय बादलीत सोडून बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडे सुई जो टोचतो तोच वहीत सही करतो. डॉक्टर असला तरी माझ्या सुईवर त्याची सही चालत नाही. तू सतरा वर्षं सुया टोचल्यास आणि सह्या म्हाताऱ्याने केल्या. ठोक तक्रार."

"ताई, त्यांनी मला टेप धरायला शिकवली."

"धरायला शिकवली, आणि कागदावर दुसरंच टोक हातात दिलं. पुरावा काय आहे ते बोल."

पुरावा काय असणार? सही त्यांची, शिक्का त्यांचा. मोजमापावर कुणाचं नाव नसतं. तरी तिने जवळच्या पेनड्राइव्हवरची जुन्या अहवालांची प्रत बहिणीच्या संगणकावर उघडली. प्रत्येक अहवालाला प्रत्येक खोलीचा फोटो जोडावा लागतो. दिवाणखाना, स्वयंपाकघर, झोपायची खोली. चित्रं भराभर सरकत होती.

"थांब," बहीण म्हणाली. "मागे जा. हे कोण?"

बाथरूमचा फोटो होता. बेसिन, नळ, फुटकी फरशी. बेसिनवरच्या आरशात पंचवीस-सव्वीसची एक पोरगी, डोळ्यापुढे कॅमेरा, दातांत टेप.

"अगं बाई," ती म्हणाली.

पुढच्या घराची बाथरूम उघडली. तिथेही ती. त्याच्या पुढच्या घरातही. पहिल्या चार वर्षांत ज्या ज्या घरात बेसिनवर आरसा होता, तिथे तिथे ती होती. एका आरशात हात प्लास्टरमध्ये. एका आरशात पोट पुढे आलेलं, सातवा महिना, केस कपाळाला चिकटलेले. पाठीमागे कुठेच साहेब नव्हते. असणार कसे, ते खाली गाडीत होते.

बहिणीने त्या पोटाच्या फोटोवर बोट ठेवलं. "हे कुठलं घर?"

"चौथा मजला. लिफ्ट बंद होती."

"मी तुला तेव्हा चालायला मनाई केली होती."

"तू केली होतीस," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी तिने तीस फोटो छापून घेतले, तक्रारीचा अर्ज भरला, दोन्ही पिशवीत घातले आणि साहेबांच्या घरी गेली. दार वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने उघडलं. "ये गं. तीन दिवस धड जेवले नाहीत. भांडलात का?"

"भांडायलाच आलेय, वहिनी. तुम्हीपण बसा."

साहेब आरामखुर्चीत होते. तिने फोटो त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी पहिला उचलला, दुसरा उचलला, आणि त्यांच्यातला व्हॅल्युअर आधी बोलला. "फोटो काढणारा आरशात दिसता कामा नये. सांगितलं होतं मी."

"सांगितलंत. चौथ्या वर्षी. तेव्हापासून मी वाकून काढते. तेरा वर्षं वाकून काढतेय, साहेब. कमरेचा एक्स-रे दाखवू?"

 पुढचे फोटो ते हळू सरकवू लागले. पोटाचा आला तेव्हा वहिनींनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"हिला असं पाठवलं होतंत?"

"मला माहीत नव्हतं एवढं..."

"सुट्टी मागितली होती मी," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, एवढं एक घर कर. केलं. मग अजून एक म्हणालात."

वहिनी फोटो हातात धरून नुसत्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. तीन दिवसांच्या उपासापेक्षा ते बघणं साहेबांना जड गेलं असावं.

तिने तक्रारीचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. "हा भरलेला आहे, सही बाकी आहे. उद्या पाचला खिडकी बंद होते. तुम्ही दुरुस्तीपत्रं लिहिलीत तर वर्षभर पाटी उतरेल. नाही लिहिलीत तर मी सही करीन, आणि ती परत चढणार नाही. मला रडू येईल. पण सही करीन."

"धमकी देतेस?"

"किंमत सांगतेय. तुम्हीच शिकवलंत ना, घरमालकाला आवडेल ती नाही, असेल ती सांगायची."

साहेबांनी अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग म्हणाले, "माणसं म्हणतील, म्हाताऱ्याने बाईच्या जिवावर धंदा केला."

वहिनी म्हणाल्या, "म्हणू देत. खोटं काय त्यात?"

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी चष्मा आणायला चाललेय."

फायली तिने रिक्षातून आणल्या. जेवणाच्या टेबलावर गठ्ठे लागले. मजकूर वहिनी लिहू लागल्या, कारण त्यांचं अक्षर चांगलं. "या मालमत्तेची पाहणी माझ्या सहकारी बाईंनी एकटीने केली. अहवाल मी तपासला." साहेब सही करत होते. पहिल्या वीस सह्या त्यांनी अक्षर न् अक्षर जपून केल्या. मग त्यांना सवय झाली आणि सवयीबरोबर तोंड सुटलं.

"इथे मी आलो होतो."

"गाडीत होतात."

"फाटकापर्यंत आलो होतो!"

"कुत्र्याला बिस्किट घालायला आला होतात. मग परत गेलात."

"कुत्रं चावरं होतं म्हणून. नाहीतर तू मोजलं असतंस का?" वहिनी हसल्या आणि एक कागद खराब झाला.

दुपार कलली. दीडशेच्या पुढे गेल्यावर साहेबांनी एक फाईल उघडली आणि सही न करता पानं उलटत राहिले. तिने मान वाकवून पाहिलं. नकाशा पेन्सिलीने काढलेला होता. मापं फुटांत. ती फुटांत कधीच लिहीत नसे.

"ही काढा बाजूला," ती म्हणाली. "ही तुम्ही केलीय."

"राहू दे. या वर्षाच्या वीस मग कशा भरतील? कोण तपासायला येणार आहे?"

"मी दुसरी शोधते. ही तुमची आहे."

"अगं, एक फाईल..."

"साहेब, मी तुमच्याशी ज्यावरून भांडले तेच तुमच्या बाबतीत करू?"

साहेबांनी फाईल मिटली नाही. नकाशावर बोट ठेवलं. "तुझ्या मुलीला ताप होता तेव्हा. तू आली नव्हतीस. तीन मजले. प्रत्येक मजल्यावर बसलो. वर एक शिक्षक राहायचे, एकटे. मला बघून म्हणाले, किंमत नंतर सांगा, आधी पाणी प्या." त्यांचं बोट पूर्वेकडे सरकलं. "पूर्वेची भिंत उत्तम होती. स्वयंपाकघरात ओल. कपाट पुढे ओढलेलं."

"वीतभर?"

"चांगलं दीड वीत."

वहिनींचं पेन थांबलं होतं. त्यांनी ती फाईल नवऱ्याच्या हातातून घेतली, खिडकीच्या कट्ट्यावर वेगळी ठेवली आणि कोरा कागद पुढे ओढला. ती जमिनीवर बसून त्याच वर्षाच्या गठ्ठ्यात दुसरी फाईल शोधू लागली.

"सापडली का?" साहेबांनी विचारलं.

"ही घ्या. गच्चीवर टाकी गळत होती ते घर."

"ते तूच केलंस," साहेब म्हणाले, आणि सही करायला वाकले.