एमेटच्या वाट्याचा खाऊ

हॅलोवीनच्या दुसऱ्या दिवशी कामावरून आले, बूट काढायच्या आधी फ्रिजवर नजर टाकली आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. खाऊचा वाडगा जागेवर होता, पण सकाळी काठोकाठ भरलेला तो आता अर्ध्यावर आला होता.

आमच्या विस्कॉन्सिनमध्ये तेव्हा थंडी अशी असते की पोरं सोंग राजकन्येचं घेवोत नाहीतर वाघाचं, आतून जाड कोट घालूनच दारोदार खाऊ मागत फिरतात. माझी हेझल सात वर्षांची, ती गुबगुबीत राजकन्या झाली होती, आणि चार वर्षांचा एमेट गुबगुबीत वाघ. दोघांनी उशीचे अभ्रे भरून खाऊ आणला. मग तो गालिच्यावर ओतायचा आणि मी गुडघ्यावर बसून एकेक निवडायचा, हे आमचं दरवर्षीचं. कारण एमेटला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे पोट दुखतं असलं काही नाही. दोन वर्षांचा असताना हेझलच्या हातातल्या पावाचा एक घास त्याने खाल्ला, त्यात पीनट बटर होतं, आणि त्याचा श्वास बंद व्हायला लागला. त्याचे निळे पडलेले ओठ मी पाहिलेत. त्यावर मला जास्त बोलायला लावू नका.

तर, एक ढीग एमेटचा, एक हेझलचा, आणि शेंगदाण्याचं जे जे असेल ते फ्रिजवरच्या वाडग्यात. ते मी नंतर दुकानात नेते. मी हार्डवेअरच्या दुकानात रंग मिसळून देते. पहिले दोन-तीन दिवस तिथल्या कॉफीच्या टेबलावर प्रत्येकाच्या घरच्या उरल्या खाऊची ब्याद येऊन पडलेली असते, आणखी नेली तर लोक डोळे वटारतात. म्हणून मी जरा थांबते.

पहिला संशय अर्थात नवऱ्यावर.

"कर्ट, वाडग्यात हात घातलास?"

"बाप म्हणून माझा वाटा मी काल रात्रीच घेतला. तुझ्यासमोर," कर्ट म्हणाला. "आणि तू त्यातून आईचा वाटा घेतलास, तेही मला आठवतंय."

हेझलला जवळ बोलावून म्हटलं, तोंड उघड. तिने उघडलं. टूथपेस्टचाच वास आला.

"मला ती शेंगदाण्याची चॉकलेटं आवडतच नाहीत, दातांना चिकटतात," ती म्हणाली, आणि जाता जाता, "तू बाबाचं तोंड नाही हुंगलंस."

राहिली व्हर्ना. व्हर्ना म्हणजे माझी सासू, पोरांची ग्रॅमा. मी कामावर असते तेव्हा एमेटला तीच सांभाळते. एमेटचं दुखणं कळलं तेव्हा बाई म्हणाली होती, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी चार पोरं पीनट बटरवर वाढवली, चारही धडधाकट आहेत." हे ती प्रत्येक सणाला, प्रत्येक जेवणाला ऐकवायची. गेल्या वर्षापासून मात्र अचानक बंद झालं. कर्ट म्हणाला, बघ, आईला पटलं. मला नाही वाटलं तसं. आयुष्यभर हुज्जत घालणारं माणूस एकदम गप्प झालं की मला जास्त भीती वाटते.

"आईवर कसला संशय घेतेस?" कर्ट म्हणाला.

"संशय नाही घेत. वाडगा बघतेय फक्त."

दुसऱ्या दिवशी वाडगा रिकामा झाला. तेवढ्यावर भागलं असतं तर म्हटलं असतं, म्हातारीला गोडाची हाव सुटलीय, सुटू दे. पण एमेटचा, मी स्वतः निवडून ठेवलेला ढीगही कमी झाला होता. इथे पाणी मुरतंय, हे नक्की.

आंघोळ घालताना एमेटला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"खाऊ कुठे गेला रे आपला?"

"ग्रॅमाच्या गाडीत," तो म्हणाला. मग एकदम तोंडावर हात. "आईला सांगायचं नाही, असं ग्रॅमाने सांगितलंय."

"तू खाल्लास का त्यातला?"

"सांगायचं नाही ना."

त्याची मान बघितली, पोट, कानांच्या मागे, जिभेखाली. अंगावर काही नव्हतं. तो गुदगुल्या झाल्यासारखा हसत होता. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. ही बाई त्याला गाडीत बसवून थोडं थोडं भरवतेय, सवय लागेल म्हणून, सुनेला खोटं पाडायचं म्हणून. कर्टला मी काही बोलले नाही. तो आईला फोन करून सावध करणार, हे मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी डोकं दुखतंय सांगून दुपारीच दुकानातून निघाले. गाडी लांब लावली आणि अंगणातून चालत आले. व्हर्ना तिच्या गाडीची डिकी उघडून उभी होती, हातात किराण्याची कागदी पिशवी. मला बघून तिने डिकी लावायला हात घातला.

"उघडीच राहू द्या," मी म्हटलं. "एमेट कुठाय?"

"आत. कार्टून बघतोय. तू इतक्या लवकर कशी?"

"पिशवी द्या."

"जनेल, ते माझ्यासोबत बोलिंग खेळणाऱ्या बायकांसाठी—"

मी पिशवी ओढून घेतली. वर शेंगदाण्याचं होतं, त्याखाली एमेटच्या ढिगातलं. कुरकुरीत तांदळाची ती चिमुकली चॉकलेटं, तीच जास्त. पण सगळी जशीच्या तशी, वेष्टनात. एकही उघडलेलं नव्हतं. माझा राग क्षणभर कुठे जावं तेच विसरला.

"ही का घेतलीत? ही तर त्याला चालतात. मी स्वतः निवडलीत."

"चालत नाहीत," व्हर्ना म्हणाली.

"दुकानात मिळतं ते पाकीट मी शंभरदा वाचलंय. त्यात शेंगदाणा नाही."

"मोठ्यात नाही. सणाची छोटी वेगळ्या कारखान्यात होतात, तिथे शेंगदाणाही असतो. ते त्यांच्या मोठ्या पिशवीवर छापलेलं असतं, आणि पिशवी राहते देणाऱ्याच्या घरी. आपल्या पोरांच्या अभ्र्यात सुटं पडतं. त्याच्यावर नुसतं नाव."

"तुम्हाला कसं माहीत?"

तिने डिकी सावकाश लावली आणि गाडीला टेकून उभी राहिली. ही बाई कशाला टेकून उभी राहिलेली मी पाहिली नव्हती.

"गेल्या वर्षी दिलं त्याला मी," ती म्हणाली. "तू निवडलेल्याच ढिगातलं. चोरून नाही दिलं, जेवण संपवलं म्हणून दिलं. त्याचे ओठ सुजले. मानेवर गांधी आल्या. मी त्याला तुझं ते अॅलर्जीचं औषध पाजलं आणि गाडीत घालून हॉस्पिटलच्या दारात नेलं."

"आत?"

"दारात. गाडी चालू ठेवून मागच्या सीटवर त्याला मांडीवर घेऊन बसले. म्हटलं, श्वास जरा जरी बदलला तर धावत आत जाईन. उतरली सूज. मग घरी आणलं. नंतर दुकानात जाऊन ती पिशवी उलटी करून वाचली. तेव्हापासून शेंगदाण्याचं काहीच त्याच्या घरात नको वाटतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर. वर्षभर या बाईला माहीत होतं. तिने एक शब्द सांगितला असता तर यंदा मी ती चॉकलेटं माझ्या हातांनी माझ्या पोराच्या ढिगात ठेवली नसती. हे मी तिला सांगितलंही, आणि हळू आवाजात नाही सांगितलं.

"आत का नाही गेलात?"

"आत गेले असते तर त्यांनी तुला फोन केला असता." ती माझ्याकडे बघत नव्हती. "खरं सांग, जनेल. तू मला परत त्याच्याजवळ फिरकू दिलं असतंस?"

नाही म्हणायला मला विचार करावा लागला नाही.

"नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली.

तोंडावर आलं होतं, उद्यापासून येऊ नका. अगदी ओठांवर. पण मग उद्या कोण येणार? जाहिरात देऊन शोधलेली कुणी पोरगी, जी माझ्यापासून काही लपवणार नाही आणि जिला लपवण्यासारखं काही कळणारही नाही. आणि माझ्यासमोर ही, जिने पोराला मांडीवर घेऊन त्याचा एकेक श्वास मोजला आणि दहा पावलांवरच्या डॉक्टरपेक्षा मला जास्त घाबरली. मला तिची कीव आली आणि तिचा गळा धरावासाही वाटला, दोन्ही एकदम.

"उद्या या," मी म्हटलं. "पण नीट ऐका. पुन्हा काही झालं तर आधी त्याच्या मांडीत ते घरात ठेवलेलं अॅलर्जीचं इंजेक्शन. मग अॅम्ब्युलन्स. मग मला फोन. औषध पाजून वाट बघत बसायचं नाही."

तिने मान डोलावली. मग एमेट विचारतो तशा आवाजात म्हणाली, "आणि तू चिडलीस तर?"

"चिडेन," मी म्हटलं. "भयंकर चिडेन. तरी फोन करायचा."