बॅनरच्या कोपऱ्यातलं नाव

सरकारनं कॉलेजातली फीमाफी बंद केली, तेव्हाच मी आमच्या जुबेदाला बजावलं होतं, मोर्चाबिर्चाला जायचं नाही. माफी गेल्यामुळे तिचं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. खडकी बाजारात पाट्या रंगवून घर चालतं, कॉलेज चालत नाही. पण एकुलती एक पोर, आणि रस्त्यावर पोलिसांच्या काठ्या.

एका दुपारी ती आणि तिची मैत्रीण पद्मजा कापडी बॅनर घेऊन माझ्या दुकानावरून चालल्या होत्या. 'आमची फीमाफी परत द्या.' पहिली अक्षरं ही एवढाली, आणि 'परत द्या'ला जागाच उरली नाही म्हणून ते कडेला कोंबलेलं. माझं डोकंच सणकलं.

"हे घेऊन जाणार? पेंटरची पोरगी ना तू?"

"तुम्ही नको म्हणालात ना, अब्बा, मग आम्हीच रंगवलं."

"मोर्चाला नको म्हणालो. ही असली अक्षरं तर मुळीच चालायची नाहीत!"

नवं कापड ताणलं, सरळ रेघांसाठी खडूची दोरी मारली, लाल अक्षरांना काळी सावली दिली. पद्मजा म्हणाली, "काका, एक नंबर!" मीही खुशीत होतो. तीस वर्षांची सवय, हात आपोआप खालच्या कोपऱ्यात गेला आणि लिहून मोकळा झाला: 'नियाज पेंटर, खडकी बाजार'. आम्हा तिघांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नाही.

दोन दिवसांनी पेपरात मोर्चाचा फोटो आला. पोरांचे चेहरे पुसट, माझं नाव ठळक. दुपारी कॉलेजचा शिपाई मला बोलवायला हजर.

"या, नियाज पेंटर," प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले. "अक्षर सुरेख आहे हो आपलं. पत्ताही दिलात, आमची पायपीट वाचली."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "मोर्चाच्या पुढाऱ्यांना मी कॉलेजातून काढणार आहे. दोन नावं सांगा. तुमच्या मुलीची फी मी कॉलेजतर्फे माफ करतो. हुशार आहे ती, वर्ष कशाला बुडवता?"

जुबेदा किलकिल्या दाराबाहेर उभी होती. काचेतून तिची पाठ दिसत होती. नावं मला ठाऊक होती. पद्मजा, आणि घोषणा देणारा माधव, जो आमच्याकडे दोनदा जेवून गेला होता.

"साहेब, नाव बॅनरवर आहे," मी म्हणालो. "पुढारी तोच समजा." आणि उठलो.

परतताना जुबेदा सायकलच्या कॅरिअरवर बसली होती. वाकडेवाडी आली तशी तिनं मागून माझा सदरा ओढला. मग म्हणाली, "अब्बा, मी सगळं ऐकलं. तुम्ही नावं दिली असती, तर माफी मिळूनही मी कॉलेज सोडणार होते."

"मग आता?"

"आता उद्या परत मोर्चा."

"मी पण येतो," मी म्हणालो. तिनं माझ्या पाठीवर डोकं टेकलं. इतकं सुख मला कुठल्या पाटीनं दिलं नव्हतं.

दोन महिन्यांनी माफी परत मिळाली. जुबेदा बी.ए. झाली, आता हडपसरला शाळेत शिकवते. वर्गातल्या पोरांना ती अजून माझी ही गोष्ट सांगते, छाती फुगवून. घरी येऊन मलाही ऐकवते. मी ऐकतो आणि चहा पितो. त्या दिवशी पद्मजाचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, एवढं मात्र मी जुबेदाला आजवर सांगितलेलं नाही.