दोन्ही बाजू सारख्या

मास्तरीण कापायला उभी राहिली की तिला हाक मारायची कारखान्यात कुणाची छाती होत नसे. ही शाळेतली मास्तरीण नव्हे हां! शिवणकारखान्यात कापड बेतून कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि हिच्याइतका सफाईचा हात तिथे दुसरा नव्हता, म्हणून ही मास्तरीण. आज मात्र कात्री टेबलावर आणि बाई कधी खिडकीशी, कधी जिन्यात. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगा फौजेत. आज संध्याकाळी त्याची तुकडी पहिल्यांदाच सीमेवरच्या जंगलात शिरणार होती, आणि हा काही सराव नव्हता. निघण्याआधी सगळ्यांचे मोबाइल जमा करायचे होते. त्याआधी फोन करतो म्हणाला होता, पण त्याच्या 'करतो'चा भरवसा तो काय!

मागच्या सुट्टीत तो फौजेचं कापड घेऊन घरी आला होता. तेच ते, हिरव्या-काळ्या-मातकट डागांचं. "तिथला शर्ट माझ्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबतो. तूच शीव," म्हणाला. आता लेकाने मागावं आणि हिने हात आखडावा? कारखान्यात त्याच डागांच्या कापडाची जाकिटं कधीपासून निघत होती. जन्मात कधी उघड्यावर न झोपलेली माणसं हौसेने ती घालून हिंडायची. त्या जाकिटांवर जेवढी कारागिरी केली नव्हती, तेवढी हिने त्या एका शर्टावर केली. डावीकडे काळा डाग आला की उजवीकडे तिथेच तसाच काळा डाग शोधायचा. हिरव्यासमोर हिरवा. त्यासाठी कापड किती वाया गेलं ते विचारू नका. छातीच्या दोन्ही बाजू अशा जुळल्या की बघणारा बघतच राहावा.

मागच्या आठवड्यात त्याने सरावातला एक फोटो पाठवला. टेकडीचा उतार, झुडपं, वाळकं गवत आणि त्यात तोंडाला रंग फासून दडलेली पोरं. खाली लिहिलेलं, "सांग, मी कुठाय?" धाकटी लेक फोन नाकाला लावून बसली, तिला काही सापडेना. हिने बघितलं आणि पापणी लवायच्या आत बोट ठेवलं. त्याच्याभोवती लाल गोल काढून परत पाठवला. तिकडून नुसते हसरे चेहरे आले, ओळीने. "आईचे डोळे आहेत बाई ते!" म्हणून हिचं चाळीत सगळ्यांना सांगून झालं.

आणि आज दुपारी डिझायनरबाई नव्या मालासाठी किड्या-पाखरांची चित्रं भिंतीला लावत बसल्या. बाई बोलायला लागल्या की थांबत नसत.

"हा पतंग बघा, मास्तरीण. झाडाच्या सालीवर बसला की शोधून सापडायचा नाही. आणि हा दुसरा! पंखांवर डोळ्यांची जोडी, अगदी समोरासमोर. हा स्वतःला दाखवतो. सारखी जोडी दिसली ना, की नजर तिथेच जाते. म्हणून तर तुम्ही कापलेली जाकिटं रस्त्याच्या त्या टोकावरून उठून दिसतात! कापड लपायचं आणि जाकीट मिरवायचं, सगळी गंमत त्यातच आहे."

हिला पोराचा फोटो आठवला. आपण त्या फोटोत पोराला ओळखलं, की शर्टाला?

तिने मोबाइलवर तो फोटो उघडला आणि सुटली. इस्त्रीवाल्याला दाखवला. त्याला एकही माणूस दिसेना, नुसतं गवत. हिला जरा हायसं वाटलं. मग बटणं लावणाऱ्या काकूंपुढे धरला. काकूंनी चष्मा वर सारला आणि म्हणाल्या, "हा काय! छातीवर बघ ना कसा जुळवलाय, तुझाच हात."

करायला गेले एक आणि झालं भलतंच! ती जिन्यात जाऊन फोन लावत राहिली. लागेना. पुन्हा लावला. कामावरून दोनदा हाक आली, तिने वळूनही बघितलं नाही. शेवटी तिकडूनच फोन आला.

"आई, दोनच मिनिटं आहेत हं."

"तो शर्ट घालू नकोस! मी शिवलेला. अजिबात घालू नकोस!"

"अगं, तो माझ्याकडे नाहीच. आमच्या तुकडीतल्या गप्प्याचा काट्यात फाटला, म्हणून त्याला दिलाय कधीचा." तो हसला. "त्या फोटोत तू त्यालाच तर गोल केलास! मी फोटोत नव्हतोच. फोटो मी काढला होता."

"सुटले गं बाई!" ती मोठ्याने म्हणाली आणि पायरीवर बसली.

मग तो शब्द तिलाच टोचला. तिने गप्प्याला कधी पाहिलं नव्हतं. पण त्यालाही कुणीतरी आई असणार, आणि तीही आज अशीच कुठेतरी येरझाऱ्या घालत असणार.

"आज कोण जातंय पुढे?"

"गप्प्याच. का गं?"

सांगू नये असं तिला वाटलं. खरंच वाटलं. मग तिने सांगितलं, भराभरा: डाग, जोडी, काकूंनी कसं ओळखलं ते.

"बरं. मग माझा त्याला देतो."

"आणि तू?"

"मी तुझा घालतो. दुसरा आहे कुठे? आईने शिवलाय, मुलानेच घालावा."

नको रे, असं तिच्या ओठांवर आलं. ते तिने गिळलं.

"मग ऐक. उजव्या बाजूला चिखल फास. एकाच बाजूला! दोन्हीकडे सारखा लावलास तर बघ."

"चिखल कुठला इथे? सगळं वाळकं आहे."

"मग छातीवरचा खिसा उसव. एकच. लोंबू दे, कसाही दिसू दे. फाड!"

"एवढी मेहनत घेतलीस आणि..."

"फाड म्हणते ना!"

तिकडे दोघांची गडबड ऐकू आली. शर्ट या अंगावरून त्या अंगावर गेला असावा. मग पोराचा दम लागलेला आवाज आला.

"निघतच नाहीये गं! काय शिवलंयस हे?"

प्रत्येक शिवणीवरून तिने दोनदा मशीन फिरवलं होतं. पोराचा कपडा, मध्येच उसवायला नको म्हणून.

"चाकू घे!"

"सामानात बांधला गेला."

"मग दात लाव. जोर कर रे बाबा, जोर कर!"

मागे शिट्टी झाली. कुणीतरी दरडावून फोन मागत होतं. तिने मोबाइल कानावर घट्ट दाबून धरला आणि कापड फाटल्याचा आवाज यायची वाट बघत राहिली. पोराच्या धापा ऐकू येत होत्या. टाका काही तुटेना.